वेशीपासून सुरुवात करा
वाचकांचे प्रश्न : भावंडांची सहल आणि गावाचा विसरलेला इतिहास

प्रश्न : आम्ही तिघं भावंडं. ताई पुण्याला, मी नाशिकला, धाकटा सुरतेला. आजोबा अमळनेरच्या गिरणीत होते. तिथलं घर विकून पन्नास वर्षं होत आली. भाऊबीज झाली की एकाच गाडीने तीन दिवस खानदेश फिरायचं ठरवतोय. यादीत थाळनेर, धुळे, पारोळा, अमळनेर, धरणगाव, फैजपूर, चांगदेव आणि पाटणादेवी आहे. एवढं होईल का? आणि फलकावर लिहिलेला सोडून बाकीचा इतिहास शोधायचा कसा?

उत्तर : होणार नाही. पाटणादेवी चाळीसगावच्या पलीकडे सातमाळ्याच्या कुशीत, फैजपूर-चांगदेव पार भुसावळच्या बाजूला. ही यादी घेऊन निघालात तर तीन दिवसांत फक्त पेट्रोलपंप ओळखीचे होतील. अमळनेरला पूर्ण दोन दिवस द्या आणि तिसऱ्या दिवशी पारोळा नाहीतर धरणगाव, दोन्हींपैकी एकच. पारोळा अमळनेरहून विसेक किलोमीटर आहे, तेव्हा मुक्काम हलवायची गरज पडत नाही.

निघण्याआधी घरी दोन संध्याकाळचं काम आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशचा, १८८० सालचा. तो इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. शेवटच्या भागात गावांची नोंद अक्षरानुक्रमे आहे. शोधताना जुनी नावं टाका : धुळ्यासाठी ‘धुलिया’, मुक्ताईनगरसाठी ‘एदलाबाद’. तुमच्या गावाची नोंद छापून घ्या आणि तिच्यातल्या प्रत्येक वास्तूखाली पेन्सिलीने रेघ मारा. गावात गेल्यावर एकेक रेघ तपासायची : आहे, पडली, की तिच्या जागी दुसरं काही उभं आहे. एवढं केलंत तरी गावातल्या बहुतेकांपेक्षा तुम्हाला जास्त कळेल. मात्र ते पुस्तक साहेबांनी साहेबांसाठी लिहिलं आहे. भिल्लांबद्दलची त्यातली वाक्यं वाचताना लिहिणारा कोण होता ते विसरू नका.

पहिल्या दिवशी गाडी लॉजवर ठेवून पायी निघा आणि वेशीपासून सुरुवात करा. अमळनेर बोरी नदीच्या काठी वसलेलं जुनं तटबंदीचं गाव आहे. तट बहुतेक गेला, पण त्याची रेघ जमिनीवर राहते, ती ओळखता आली पाहिजे. सरळ चाललेली गल्ली एकाएकी वळसा घेते आणि घरांच्या पाठी एका रांगेत येतात, तिथे बहुधा तट होता. दोन पावलांत जमीन हात-दीड हात खाली उतरते, तिथे खंदक किंवा ढासळलेल्या भिंतीचा ढीग असतो. वेशीचा दरवाजा गेला तरी वेशीतला मारुती सहसा हलत नाही. पत्त्यांमधले ‘दरवाजा’, ‘वेस’, ‘पेठ’, ‘खिडकी’ हे शब्द वहीत टिपत चला. दुकानांच्या जुन्या पाट्यांवर ते सापडतात, नव्या फ्लेक्सवर नाही. अंतर पावलांनी मोजा. मध्यम उंचीच्या माणसाची शंभर पावलं साधारण सत्तर मीटर भरतात. चौकोनी कागदावर कच्चा नकाशा काढत गेलात की दुपारपर्यंत जुन्या गावाचा आकार कागदावर उतरतो.

नदीकाठ सकाळीच करा. बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी आहे, गावात त्यांचं वाडी संस्थान. पात्रातून गावाकडे तोंड करून उभं राहिलं की घाट, चढ आणि दरवाज्याची जागा यांचं नातं एका नजरेत कळतं. गावाच्या बाजूने ते कळत नाही.

दुसरा दिवस विसाव्या शतकाचा, आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा. सुरतेहून तापी खोऱ्यातून आलेली रेल्वे आणि जळगावकडून आलेली फांदी अमळनेरला जोडल्या गेल्या. कापूस आणि भुईमूग बाहेर जायला वाट झाली, आणि गिरणी, सरकी, तेल हे सगळं या वाटेभोवती वाढलं. आजची विप्रो १९४५ मध्ये इथेच ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने वनस्पती तूप काढायला निघाली, हे तिथल्या शाळेतल्या पोरांनाही सांगावं लागतं. गिरणीमालक प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी आधी तिथे आले आणि मग १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात शिकवत होते. म्हणजे स्टेशन, गिरणी, शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर एकाच पैशाच्या आणि एकाच काळाच्या धाग्यात आहेत. त्याच क्रमाने पाहा. आजोबांच्या चाळीचं नाव आईवडिलांकडून, आत्याकडून आधीच काढून ठेवा. गिरणी कामगारांच्या चाळी शोधताना गिरणीचं नाव सांगून कोणी वाट दाखवत नाही, चाळीचं नाव लागतं. बंद आवारात परवानगीशिवाय शिरू नका. पडका पत्रा आणि उघडे हौद यांनी पाय मोडतात.

तिघांत कामं वाटून घ्या आणि एका ठिकाणी असताना ती बदलू नका. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, एकाने फोटो. तिघंही एकदम प्रश्न विचारायला लागलात की ओट्यावरचा म्हातारा ‘पेपरवाले का?’ म्हणून गप्प होतो. फोटोचा क्रम ठरलेला असू द्या : आधी गल्लीसकट पूर्ण वास्तू, मग एक बाजू, मग तपशील, आणि तपशिलाशेजारी शाळेतली पट्टी. नुसत्या कोरीव खांबाचे शंभर फोटो घरी आल्यावर कुठले ते कळत नाही. रोज रात्री फोल्डरला गाव, गल्ली आणि तारीख द्या आणि पेनड्राइव्हवर दुसरी प्रत घ्या.

सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात, आणि दिवाळीत पाडवा-भाऊबीजही धरा. कागद पाहायचे असतील तर सहल सोमवार ते बुधवार अशी बसवा. आठवडे बाजाराचा वारही फोन करून विचारा, त्या दिवशी पेठेत गाडी काय, माणूस सरकत नाही.

अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. नोव्हेंबर हा कापसाचा महिना. रस्त्याच्या दुप्पट रुंदीला फुगलेली कापसाची ट्रॉली मागे दिवा नसताना चालते, आणि दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर मारुतीच्या पारावर एक उभा दगड आहे. वर चंद्र-सूर्य, खाली माणसं, घोडा. सगळ्यावर शेंदूर. बाजूच्या दगडावर अक्षरं असावीत असं वाटतं. शेंदूर काढून वाचता येईल का? आणि त्यावरची सनावळी कशी लावायची? (चोपडा)

उत्तर : शेंदूर काढू नका. तो तेलात कालवलेला असतो आणि वर्षानुवर्षं दगडाच्या भोकाभोकात बसलेला असतो; खरवडला की नाकडोळे त्याच्याबरोबर येतात. शिवाय तो देव आहे, कोणाच्या तरी नवसाचा. तुम्ही सांगता तो वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्याची आठवण म्हणून उभा केलेला दगड. खालून वर वाचायचा : तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. तळाच्या चौकटीत गाई दिसल्या तर गुरं सोडवताना मेलेला माणूस. घोडा असेल तर घोड्यावरचा कोण आणि पायी लढणारा कोण, ते नीट पाहा. एकटाच कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा.

अक्षरांसाठी हात लावायची गरजच नाही. कोरड्या मऊ ब्रशने माती झटका आणि दिवेलागणीनंतर या. टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून डाव्या बाजूने तिरपा प्रकाश टाका. खाचेत सावली भरते आणि दिवसा सपाट वाटणारा दगड बोलायला लागतो. मग उजवीकडून, वरून, खालून, असे चार फोटो. मोबाइलचा फ्लॅश बंद. खडू, पीठ, हळद भरून अक्षरं ‘उठवणं’ हा जुना रोग आहे. भरणारा स्वतःला जे अक्षर वाटतं तेच भरतो, आणि पुढच्या प्रत्येकाला तेच दिसतं.

सनाचं गणित सोपं वाटतं, फसवतं मात्र. शकात ७८ मिळवा. विक्रम संवत असेल, खानदेशात जैन मूर्तींवर तो हमखास असतो, तर ५७ वजा करा. फसली, म्हणजे महसुली सनात ५९० मिळवा, मराठी दप्तरातल्या सुहूर सनात ५९९. हिजरीचं वर्ष चांद्र असल्याने नुसती बेरीज चालत नाही : ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. थाळनेरला खानदेशच्या ज्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत त्यांचा मूळ पुरुष मलिक राजा हिजरी ८०१ मध्ये वारला. ८०१ गुणिले ०.९७ म्हणजे ७७७, अधिक ६२२, झाले १३९९. या सगळ्यांत एखाद्या वर्षाचा फरक पडतो, कारण प्रत्येकाचा वर्षारंभ वेगळा.

म्हणून आकड्याशेजारी काय लिहिलंय ते सोडू नका. पाटणादेवीजवळच्या पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची ती नोंद. त्यात शके ११२८ आहे. नुसते ७८ मिळवले तर १२०६ येतं. पण त्यातच प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण दिलंय, आणि ते तिन्ही १२०७ च्या ऑगस्टशी जुळतं. संवत्सराचं नाव आणि ग्रहण ही दोन कुलपं आहेत. आकडा एकट्याने उघडत नाही.

प्रश्न : पारोळ्यात झाशीच्या राणीबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं माहेर, कोणी सासर, कोणी म्हणतं किल्ल्यातून भुयार निघतं. बहीण आणि मी म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेणार आहोत. खरं काय लिहायचं? (पारोळा)

उत्तर : वही उघडा. डाव्या पानावर स्वतः पाहिलेलं आणि कागदात वाचलेलं, उजव्या पानावर ऐकलेलं. उजव्या पानावर सांगणाऱ्याचं वय, आळी आणि ‘त्यांना कोणी सांगितलं’ हे प्रत्येक वेळी. दोन्ही पानं कधी एक करू नका. ही एकच सवय लागली तरी अर्धी भांडणं मिटतात.

पारोळ्याच्या डाव्या पानावर एवढं लिहिता येतं : भुईकोट, भोवती खंदक, पारोळ्याची जहागीर नेवाळकरांची. याच नेवाळकरांतले रघुनाथ हरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांतर्फे झाशीचे सुभेदार झाले, आणि त्याच घराण्यातल्या गंगाधररावांशी लक्ष्मीबाईंचं १८४२ मध्ये लग्न झालं. त्यांचा जन्म काशीचा. म्हणजे पारोळ्याचं नातं सासरच्या घराण्याचं, आणि ते पक्कं आहे. ‘माहेर’ उजव्या पानावर जाईल, सांगणाऱ्याच्या नावाने. भुयारही तिथेच. खानदेशातल्या प्रत्येक गढीतून भुयार निघतं आणि ते बरोबर पुढच्या तालुक्याला पोचतं. बहुतेक वेळा ते धान्याचं पेव नाहीतर पाण्याची वाट असते. तरी लिहून घ्या, कारण भुयाराचं तोंड जिथे सांगतात तिथे बहुधा काहीतरी बुजवलेलं असतं.

मुलाखतीत ‘इतिहास सांगा’ म्हणू नका. तसं म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला शिवाजी महाराजांचा धडा ऐकायला मिळतो. पहिला प्रश्न पाण्याचा : लहानपणी पिण्याचं पाणी कुठून आणायचे, कोणी, दिवसातून किती खेपा? त्यातून विहिरी, आळ्या, कोणाला कुठे पाणी भरू देत नव्हते, सगळं बाहेर येतं. मग लग्न कुठे लागलं, वऱ्हाड कोणत्या दरवाज्याने आलं. गिरणीच्या गावात भोंगा किती वाजता व्हायचा आणि कोणत्या बाजूने ऐकू यायचा.

सन विचारू नका, खूण विचारा. दुष्काळाच्या आधी की नंतर, म्हणजे १९७२. गांधीजींना मारलं तेव्हा केवढे होता, म्हणजे १९४८. नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांवर गोळीबार झाला तो ९ सप्टेंबर १९४२. वडीलधारी माणसं फैजपूरच्या काँग्रेसची गोष्ट सांगत असत का, हेही विचारा. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, डिसेंबर १९३६ चं, नेहरू अध्यक्ष. आज ते पाहिलेलं कोणी क्वचितच भेटेल, पण ऐकलेलं भेटेल, ते उजव्या पानावर.

बोली त्यांची असू द्या. पारोळा-अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली. बहिणीला अहिराणी येत असेल तर बोलायचं काम तिचंच. ‘हाऊ वाडा कोना शे?’ असं विचारलेल्या प्रश्नाला ‘हा वाडा कोणाचा आहे?’ पेक्षा तिप्पट लांब उत्तर मिळतं. बायकांशी स्वयंपाकघरात, पुरुष बाहेर असताना बोलावं. समोर नवरा बसला की सगळी उत्तरं तोच देतो. फोन एक हातावर ठेवा, पंखा बंद करा, रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा आणि पाऊण तासाच्या पुढे ताणू नका. दुसऱ्या दिवशी परत गेलात तर रात्री आठवलेलं ते स्वतःहून सांगतात, आणि बहुधा तेच कामाचं असतं.

प्रश्न : आईच्या पेटीत मोडी कागदांची गुंडाळी आणि एक जुनं खरेदीखत निघालं. घर धरणगावला होतं एवढंच माहीत आहे. भावाचं म्हणणं कागद लॅमिनेट करावेत. घर नेमकं कुठे होतं ते सापडेल का? (वापी)

उत्तर : भावाला थांबवा. लॅमिनेशनची उष्णता आणि चिकटपणा कागदातून पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपही तसाच, काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं घेऊन जातो. गुंडाळी जोर लावून उलगडू नका. दमट हवेत एक दिवस मोकळी राहू द्या, मग हळूहळू सपाट करून धुतलेल्या सुती कापडात, प्रत्येक कागदामध्ये कोरा कागद घालून ठेवा. फोटो खिडकीशी, उन्हात नाही, कॅमेरा बरोबर डोक्यावर धरून. एक पूर्ण पानाचा, मग ओळीओळींचे, प्रत्येकात तिसरा हिस्सा आधीच्या फोटोतला येईल असे.

मोडीत रेघ आधी ओढून खाली अक्षरं टांगतात आणि शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे नवख्याला पानभर एकच शब्द दिसतो. तुम्ही सुरुवात तारखेपासून करा. ‘इसन्ने अशरीन मया व अलफ’ असं काही वाचता आलं तर ती अरबी संख्या आहे : दोन, वीस, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११२२, इसवी १७२१-२२. पुढचं वाचन जाणकाराकडूनच. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात, इतिहासाचार्य राजवाड्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये निघालेल्या, जुन्या कागदांचा आणि पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. आधी फोन करा आणि मूळ कागद न नेता फोटो न्या.

घर शोधायला मात्र खरेदीखतच कामाचं. त्यात ‘चतुःसीमा’ हा शब्द शोधा. त्याखाली असं असतं : पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी बोळ, दक्षिणेस रहदारीचा रस्ता, उत्तरेस तमक्याची पडकी जागा व सामाईक भिंत. हा शब्दांत काढलेला नकाशाच आहे. तो घेऊन तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कचेरीत जा आणि तीन गोष्टी मागा : नगर भूमापनाचा नकाशा, मिळकत पत्रिका आणि भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही. नोंदवहीत त्या वेळी घरात कोण राहत होतं, हक्क कशावरून सांगितला, हे असतं; नकाशात पश्चिमेचा बोळ सापडला की घर सापडलं. शेजाऱ्यांची आडनावंही बरोबर घ्या, कारण शेजाऱ्याचा नातू अजून तिथेच राहत असण्याची शक्यता तुमच्या घराच्या भिंतीपेक्षा जास्त.

इथे एक अडचण हमखास येते. १९०६ पर्यंत सगळा एकच खानदेश जिल्हा आणि मुख्य ठिकाण धुळे. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, पूर्वेचं जळगाव. त्यामुळे धरणगावचा १९०६ आधीचा कागद धुळ्याच्या दप्तरात निघू शकतो आणि नंतरचा ‘पूर्व खानदेश’ या शिक्क्याखाली. नंदुरबारकरांनी १९९८ आधीचं सगळं धुळे जिल्ह्यात शोधावं. जन्म-मृत्यूसाठी तहसिलीत कोतवाल बुक, आणि शाळा माहीत असेल तर दाखल-खारीज रजिस्टर. त्यात जन्मगाव आणि वडिलांचा धंदा दोन्ही मिळतं.

गेलाच आहात तर धरणगाव बघाही. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभारलेल्या भिल्ल पलटणीचं हे ठाणं, आणि १८९० मध्ये बालकवी जन्मले ते हेच गाव.

प्रश्न : किल्ल्यावर ड्रोन उडवला तर चालेल का? (जळगाव)

उत्तर : निळा किंवा इतर संरक्षित स्मारकाचा फलक असेल तिथे लेखी परवानगीशिवाय नाही. आणि परवानगी असली तरी बुरुजाच्या कपारीत आग्या मोहोळ आहे का ते आधी पाहा. पंख्याच्या आवाजाने माश्या उठतात, आणि बुरुजावरून पळायला एकच जिना असतो. अत्तर लावून, उदबत्ती घेऊनही जाऊ नका.

प्रश्न : दिवाळीत जमत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघी बहिणी माहेरी येतो, तेव्हाच भावाबरोबर फिरलो तर? (शिरपूर)

उत्तर : ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं असतं, तरी आखाजीचा एक फायदा हिवाळ्याला नाही : पाणी उतरलेलं असतं. नदीतले जुने घाट, बांध आणि पायविहिरींच्या खालच्या पायऱ्या, देवकोष्टं (भिंतीतले देवांचे कोनाडे) तेव्हाच उघडी पडतात. गवत वाळून गेल्याने तटाचा पायाही दिसतो. सकाळी सहा ते दहा बाहेर, मग वाचनालय किंवा कोणाचं तरी माजघर, आणि पुन्हा पाचनंतर. माणशी चार लिटर पाणी गाडीत. टायरची हवा पहाटे, गाडी थंड असताना तपासा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दाखवते म्हणून काढून टाकली की संध्याकाळी कमी पडते. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा असते, त्या दिवसांत लॉज मिळत नाही. यात्राच पाहायची असेल तर नातेवाइकांकडे उतरा.

पायविहिरीत उतरताना पायऱ्यांवरचं शेवाळ वाळलेलं दिसतं, पण खालून ओलं असतं. आधी काठी आपटत जा, सापाला वाट मिळते. कठडा नसलेल्या कडेला दोर बांधा, आणि एकाने वर काठावर थांबायचं. दरवेळी धाकट्यानेच थांबायचं, असा मात्र नियम नाही.